वळणावरच्या खुंट्या

माझा स्वभाव पहिल्यापासून जळका. शाळेत शेजारणीची पाटी माझ्या पाटीपेक्षा काळी दिसली तरी मला जेवण जात नसे. लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं होतं, "सासरी तोंड आवर आणि डोळे आवर." तोंड बऱ्यापैकी आवरलं. डोळ्यांचं काही जमलं नाही.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी साखर कारखान्याच्या वसाहतीत आले. यजमान कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचे. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे न्हाणी आणि न्हाणीत तांब्याचा बंब, एवढा संसार. बाजाराला राहुरी, बाकी चहूकडे ऊस. संध्याकाळचा भोंगा झाला की अख्खी वसाहत 'लाईनीवर' फिरायला निघायची.

लाईन म्हणजे काय ते मला आधी कळेना, कारण तिथे रूळच नव्हते. पूर्वी शेतांतून ऊस आणायला कारखान्याची स्वतःची छोटी गाडी होती. आधी ती वाफेवर चालायची. पुढे कारखाना स्वतःची वीज करू लागला तेव्हा वर तार टाकून विजेवर चालवली. मग ट्रक आले, ट्रॅक्टर आले आणि गाडी परवडेना. मी येण्याआधी तीन-चार वर्षं रूळ उपटून भंगारात गेले, पाठोपाठ तारा आणि खांब गेले. मागे राहिला तो मुरमाचा लांबलचक भराव आणि खांबांच्या बुंध्याचे सिमेंटचे ओटे. त्या भरावावरून चालायला फार छान वाटायचं. चिखल नाही, काटा नाही. मोठे साहेब कुत्रं घेऊन यायचे, त्यांच्या बायका स्वेटर विणत चालायच्या, म्हातारे ओट्यांवर बसून दिल्लीचं सरकार चालवायचे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची बदली झाली, सगळं लाईनीवरच कळायचं. नवी नवरी म्हणून यजमान मलाही रोज न्यायचे. दीड मैल जायचं, पाटाच्या पुलावर बसायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं. सुख म्हणतात ते हेच असं मला वाटायचं.

वाटेत एक दगडी खोली लागायची. तिथे पूर्वी गाडीवाट लाईन ओलांडून जायची, म्हणून फाटक होतं. फाटकवाला वारला तेव्हा त्याच्या बायकोनं फाटक सांभाळलं. गाडी बंद झाल्यावर कारखान्यानं तिला रोपवाटिकेत कामाला घेतलं, पण राहायला ती तिथेच राहिली. मागेपुढे कुणी नाही. पस्तिशीची, उंच, सावळी, चालताना पाठ ताठ. आम्ही जवळून गेलो की यजमानांना "रामराम सायेब" आणि मला "वहिनी, बऱ्या हायेत ना?" असं विचारायची. तेव्हा ती मला आवडायची, खोटं कशाला सांगू?

बहात्तरला पावसानं पाठ फिरवली आणि माणसं जमिनीच्या वितीवितीसाठी भांडू लागली. त्या खोलीला लागून ज्याचं शेत होतं त्या मालकानं अर्ज केला की ही खोली माझ्या जमिनीत आहे, बाईला उठवा. जुन्या कागदात लिहिलेलं असं होतं की लाईनीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना वीस-वीस फूट जागा कारखान्याची. आता लाईनीचा मध्य कुठला? खोलीजवळ लाईन पूर्वी मोठं वळण घेऊन जायची. पण रूळ गेल्यावर फिरायला येणाऱ्यांनी वळण सोडून नाकासमोर सरळ वाट पाडली. वळसा कोण घालतो? इकडे मालकानं वळणावरचा भराव हळूहळू नांगरून टाकला, ओटे बैल लावून उपटले. आता सगळ्यांच्या लेखी ती सरळ वाट म्हणजेच लाईन. ती धरली तर खोली मालकाची. जुनं वळण जमिनीवर दाखवता आलं, तर खोली कारखान्याची आणि बाईचं छप्पर शाबूत. ऑफिसातला जुना नकाशा वाळवीनं फस्त केला होता. दसऱ्यानंतरच्या सोमवारी नगरहून मोजणीवाले येणार होते. त्याआधी ती लाईन शोधून खुंट्या ठोकायचं काम यजमानांकडे आलं.

झालं. माझं फिरणं बंद. भोंगा झाला की ते ऑफिसातून परस्पर फाटकावर जायचे आणि दिवेलागणीला धूळ माखून घरी यायचे. येताना तोंडात एकच विषय. बाई असं म्हणाल्या, बाईंनी तसं दाखवलं. पहिले दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "अगं, त्या बाईच्या डोक्यात अख्खी लाईन आहे. नवरा जिवंत असताना त्या रोज पुलावरून पाण्याची घागर घेऊन फाटकापर्यंत लाईनीवरूनच यायच्या, रुळांच्या मधोमध, लाकडी फळ्यांवर पाय टाकत. दहा वर्षं. फळ्या गेल्या, पण पायांना माप राहिलंय. डोक्यावर भरली घागर असली की पाय बरोबर पडतात, रिकाम्या डोक्यानं पडत नाहीत. त्या पुढे चालतात, दर दहा पावलांना थांबतात आणि मी मागे खुंटी ठोकतो. हातभर खणून बघितलं तर खाली खडी! एकदासुद्धा चुकल्या नाहीत."

मी भाजी वाढत होते. हातातला डाव तसाच राहिला. ती पुढे, हे मागे. सात पावलं चालली की आपल्यात लग्न लागतं. ही दोघं दोनशेच्या वर चालून आली होती. शिवाय मी रोज दोन घागरी नळावरून आणत होते, त्याचं माप कुणी कधी घेतलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, यात काय एवढं? मीही स्वतःला हेच म्हणायचे. वाईट वागण्यातले ते नव्हते आणि ती तर नव्हतीच, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण माझ्याशी बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर कधी तसा उजेड दिसला नव्हता. माझ्याशी ते बोलायचे डाळ, रॉकेल आणि सासूबाईंचं पत्र. तो उजेड तिला का म्हणून मिळावा? माझा जळफळाट होत होता आणि जळफळाटाला कारण लागतंच असं नाही.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी ज्याची त्याची हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, कारखान्यात चरकाला झेंडूच्या माळा घालतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी माहेरी होते, म्हणून माझ्या हातची ही पहिलीच पूजा. मी सकाळी पाट मांडला, रांगोळी काढली. विळी, पावशी, यजमानांची कंपासपेटी, पट्ट्या, सगळं घासूनपुसून ठेवलं. मधली जागा मोकळी सोडली ती मोजणीच्या साखळीसाठी. लांब लोखंडी साखळी, टोकांना पितळी मुठी. तेच त्यांचं खरं हत्यार. अकरा वाजता ते कुठूनसे आले, आणि कपाळाला अंगारा.

"साखळी कुठाय?" मी विचारलं.

"ती फाटकावरच असते. एवढं ओझं रोज कोण आणणार?"

"अहो, पण आज पूजा आहे."

"बाईंनी केली की. त्यांच्या कंदिलाशेजारी मांडली. नारळ मीच फोडला," ते म्हणाले आणि पुरणपोळीवर तूप मागितलं.

मी तूप वाढलं. माझ्या घरच्या माणसाचं हत्यार दुसरीच्या दारात पुजलं गेलं होतं आणि नारळही तिथेच फुटला होता. पाटावरची मधली जागा तशीच मोकळी राहिली. माझ्या आईच्या घरी असं झालं असतं तर आईनं तो पाट उचलून अंगणात फेकला असता. मी फेकला नाही, एवढीच माझी सुधारणा.

ते जेवून झोपले आणि मी निघाले. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील, लाईनीवर चिटपाखरू नव्हतं. खोलीचं दार उघडं होतं, बाई पाण्याला गेली असावी. आत डोकावले. पाटावर तिचा जुना हातकंदील, लाल आणि हिरवा बावटा घडी करून ठेवलेले, आणि त्यांच्या शेजारी वेटोळं करून माझी साखळी. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळाची दोन शकलं. फार नीटनेटकं मांडलं होतं. माझ्या पाटापेक्षा नीट मांडलं होतं, याचा मला जास्त राग आला.

साखळी उचलून घरी न्यावी असं मनात आलं. पण पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं, ते मोडायची माझी छाती झाली नाही. खुंट्या मात्र कुणी पुजल्या नव्हत्या.

वळणावर एकवीस खुंट्या होत्या. बाभळीच्या, हातभर लांब, डोक्याला चुना लावलेल्या. सरळ भागाची मापं यजमानांच्या वहीत उतरली होती. वळणाच्या खुंट्या नुसत्या ठोकलेल्या होत्या, मापं सोमवारी मोजणीवाल्यांच्या समोर घ्यायची होती. हे मला माहीत होतं. त्या नसतील तर बाईचं घर जाईल हेही माहीत होतं. अजाणतेपणी केलं असं म्हणायला मला तोंड नाही. पहिली खुंटी उपटली तेव्हा दोनदा मागे वळून पाहिलं. पाचवीनंतर बरं वाटू लागलं. उपटायची, हलवून माती झटकायची, पायानं भोक बुजवायचं. एकवीसच्या एकवीस जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधल्या आणि डोक्यावर घेतल्या. परतताना मोठ्या साहेबांच्या बाई भेटल्या.

"सरपण का गं?"

"हो, उद्याच्या आंघोळीला," मी म्हणाले.

आणि खरंच, दसऱ्याच्या पहाटे मी बंबात त्या खुंट्या घातल्या. यजमान न्हाणीतून ओरडले, "आज पाणी फारच कडक झालंय गं!" मी थंड पाण्याची बादली आत सरकवली. नंतर आम्ही एकमेकांना सोनं दिलं, ते जेवले आणि दुपारच्या एसटीनं सासूबाईंना आणायला जामखेडला गेले. रविवारी परतणार होते.

संध्याकाळी मागच्या दारात हाक आली, "वहिनी, सोनं घ्या." बाई आपट्याची पानं घेऊन आली होती. मी पानं घेतली, वाटीत साखर दिली. तिनं खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. तिची नजर न्हाणीकडे गेली. सकाळी फडक्याखाली झाकलेल्या तीन खुंट्या बंबाजवळ आता उघड्याच होत्या, चुन्याची पांढरी डोकी वर करून.

ती म्हणाली, "बाभळीचं लाकूड धूर लई करतं. डोळ्याला पानी येतं, न्हाई?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मी म्हणाले, "तुम्ही त्यांना सांगा. काय सांगायचं ते सांगा."

"सांगून माझी खोली ऱ्हातिया व्हय?" ती उंबऱ्यावर टेकली. "आमच्या घरधन्याला त्या गाडीचं आसंच येड हुतं. घरला आला की गाडी, जेवताना गाडी, झोपेत बी गाडी. एकदा मी त्याच्या कंदिलात राकेलाच्या जागी पानी भरलं. कंदील पेटंना, गाडी फाटकाबाहेर तासभर हुबी. धन्याचा रोज कापला त्या दिसाचा." मग उठून पदर खोचला. "उद्या सकाळी कोयता घिऊन या. आन् हातोडी. सायेब यायच्या आत लावू."

तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते आणि माझा मत्सर थोडा तरी निवला असता. तिनं तेवढंही सुख मला दिलं नाही.

पुढचे चार दिवस सकाळी आम्ही दोघी त्या वळणावर होतो. पहिल्या दिवशी बाभळीच्या फांद्या तोडून खुंट्या तासल्या. तिच्या तीन होईपर्यंत माझी एक होत होती, तीही वाकडी. दुसऱ्या दिवशी तिनं पुलावर घागर भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "माझ्या टाचंकडं बघा. इकडंतिकडं न्हाई." ती चालू लागली. सरळ वाटेवर तिची पावलं लांब पडत होती; वळण आलं की आपोआप आखूड झाली. "वळनावर फळ्या जवळजवळ हुत्या," मान न हलवता ती म्हणाली. दर दहा पावलांना ती थांबे, मी तिच्या टाचेमागे खूण करी. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. नांगरलेल्या ढेकळांतून, जिथे डोळ्यांना काहीसुद्धा दिसत नव्हतं, तिथून तिची पावलं गोल वळत गेली, आणि मला कधी न पाहिलेली ती लाईन दिसू लागली.

खोटं बोलत नाही, यजमानांच्या चेहऱ्यावरचा उजेड मला तेव्हा कळला. आणि कळला म्हणून मत्सर कमी झाला असं नाही, उलट वाढला. आता मला तिच्या पायांचा मत्सर वाटू लागला. मी घागर मागितली आणि चालून पाहिलं. सातव्या पावलाला पाणी पाठीवर आलं. ती पोट धरून हसली, मीही हसले.

चार ठिकाणी आम्ही खणून पाहिलं. तीन ठिकाणी खडी लागली. चौथ्या जागी लागेना, म्हणून ती पुन्हा पुलापर्यंत गेली, घागर भरून पुन्हा चालत आली आणि पाय वीतभर डावीकडे पडला. तिथे खणलं तर खडी होती. शेवटच्या दोन दिवसांत खुंट्या ठोकल्या. ठोकायचं काम मी हट्टानं माझ्याकडे ठेवलं. ती म्हणायची, "द्या इकडं, हात फुटतील." मी हातोडी दिली नाही. हात फुटले. शनिवारी दोन्ही तळव्यांना फोड घेऊन मी घरी आले.

रविवारी यजमान सासूबाईंना घेऊन आले. माझे हात पाहून म्हणाले, "हे काय?" मी म्हणाले, "कांडण केलं." सासूबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या, कारण घरात उखळ नव्हतं.

सोमवारी मोजणीवाले आले. मालक आला, त्याच्याबरोबर चार माणसं आली. मी घरातच होते. चूल दोनदा विझली, भात लागला. दोनच्या सुमारास सासूबाई म्हणाल्या, "अगं, जेवून तरी घे." मी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. तिची खोली गेली असती तर ती मी घालवली असती आणि ते जगात दोघींनाच ठाऊक असतं.

संध्याकाळी यजमान आले ते हसतच आले. खोली राहिली होती. मध्यापासून मापं धरली तेव्हा तिची मागची भिंतसुद्धा हातभर आत आली होती. मालकानं बरीच बडबड केली, पण जिथे म्हणाल तिथे खणून दाखवल्यावर गप्प बसला. मी देवापुढे साखर ठेवली. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही; सासूबाई आल्या त्या आनंदात असेल असं त्यांना वाटलं.

जेवताना म्हणाले, "एक गंमत सांगू? मी ठोकलेल्या खुंट्या त्या नव्हत्याच. सगळ्या नव्या, ताज्या तासलेल्या. बाई म्हणाल्या, जुन्या गुरांनी मोडल्या. दसऱ्याच्या सणात त्या माउलीनं एकटीनं पुन्हा सगळं वळण मोजलं, एकवीस खुंट्या तासल्या आणि ठोकल्या. वर काय म्हणते माहितीये? 'मी एकटीनं न्हाई लावल्या, सायेब.' म्हणजे देवानं लावल्या म्हणे! किती निगर्वी बाई आहे बघ."

मी आमटी वाढली. बोलायला गेले असते तर लावल्याचं सांगण्याआधी उपटल्याचं सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

"तुला एकदा न्यायला हवं तिकडे," ते पुढे म्हणाले. "तुला त्यात काय कळणार म्हणून कधी म्हटलं नाही. पण बघण्यासारखं आहे."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर ते मला घेऊन गेले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघंच लाईनीवर होतो. पुलापासून त्यांनी सुरुवात केली. इथून गाडी यायची, इथे वळायची, वळणावर फळ्या जवळजवळ असतात. मी त्यांच्या मागून चालत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड होता, आणि या वेळी माझ्याकडे वळून बोलत होते. मी "हो का?" आणि "अगंबाई!" म्हणत होते. आठव्या की नवव्या खुंटीपाशी ते खाली वाकले, तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी ती हलवून पाहिली. ती जागची हलली नाही.

"बघ," ते म्हणाले, "याला म्हणतात ठोकणं. तुझ्यासारखीला जन्मात जमायचं नाही."

मी पदराखाली तळवे मिटून घेतले. "हो," मी म्हणाले, "फार छान ठोकलीय."